दुबईचा पगार, बेळगावचा हप्ता: हिशेब कसा बसवायचा

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फिटरला दुबईत तीन हजार दिरहमची ऑफर आली की घरात पहिला गुणाकार होतो: दिरहमला २३ रुपये धरले तर ६९ हजार! त्यावरच सोसायटीच्या कर्जाचा हप्ता ठरतो. चूक इथंच होते. २३ नं गुणायचं ते महिन्याअखेर उरलेल्या रकमेला, पगाराला नव्हे.

ऑफर लेटरमध्ये आधी 'बेसिक', म्हणजे भत्ते सोडून मूळ पगार, बघा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते: पहिल्या पाच वर्षांत दर वर्षाला २१ दिवसांचा पगार. बेसिक १,२०० असेल तर वर्षाचे ८४०, १,८०० असेल तर १,२६० दिरहम. एकूण पगार तोच, तरी वर्षाला ४२० चा फरक. वाढवून मागायचं ते सही करण्याआधीच. व्हिसा आणि भरतीचा खर्च कायद्यानं कंपनीचा आहे. पगारातून कापू म्हणणाऱ्याला आधीच नाही म्हणा.

तीन हजारांचा हिशेब साधारण असा मांडा. बेडस्पेस (सामायिक खोलीतली एक खाट) ८००, जेवण ४५०, मेट्रो-बस २३०, मोबाइल १००, हातखर्च १७०. झाले १,७५०. उरलेल्या १,२५० मधले २५० तिथंच बाजूला ठेवायचे, एक हजार घरी. म्हणजे २३ हजार रुपये. हप्ता ठरवायचा तो या आकड्यावर, आणि त्यातही निम्म्याच्या आत.

पहिल्या दोन महिन्यांत घरी काही येणार नाही असंच धरून चाला. महिन्याच्या मध्ये रुजू झालात तर पहिला पगार अर्धाच येतो, आणि बेडस्पेसचं भाडं व डिपॉझिट मात्र आधी द्यावं लागतं. दोन हप्त्यांचे पैसे इकडच्या खात्यात ठेवूनच विमानात बसा. जागा घेताना इजारीच्या, म्हणजे भाडेकराराच्या सरकारी, नोंदीत आपलं नाव चढतंय का ते विचारा. पार्टिशन घातलेल्या, नोंद नसलेल्या खोल्यांवर पालिकेची कारवाई होते. खोली रातोरात रिकामी करावी लागली तर डिपॉझिट परत मागायचं कुणाकडे?

मेट्रोचा पास सगळ्यांना परवडतोच असं नाही. सिल्व्हर नोल कार्डावर (मेट्रो-बसचं प्रीपेड कार्ड) एका फेरीला एका झोनचे ३, दोन झोनचे ५, त्यापुढे साडेसात दिरहम. तीस दिवसांचा पास अनुक्रमे १४०, २३० आणि ३५०. तिन्हीकडे साधारण ४७ फेऱ्यांना पैसे वसूल होतात. आठवड्याला सहा दिवस ड्युटी असेल तर पास काढा, पाचच दिवस असेल तर सुटं भाडं स्वस्त.

जेवणात वाचतं ते खोलीवर मिळून स्वयंपाक केल्यानं. घरचा मसाला जरूर न्या, पण त्यात खसखस नको. तिथं खसखशीवर बंदी आहे, आणि डब्यातला मसाला आईनं केलाय हे विमानतळावर कुणी ऐकून घेत नाही.

बायकामुलांना न्यायचं तर गणितच बदलतं. ४८ हजार वार्षिक भाड्याचा बिनफर्निचरचा फ्लॅट, वर्षाचं भाडं चार चेकनं: पहिला चेक १२,०००, डिपॉझिट ५ टक्के म्हणजे २,४००, एजंटचं कमिशन बहुधा तेवढंच, वीज-पाण्याचं डिपॉझिट २,०००. आत पाऊल टाकायलाच १८,८०० दिरहम. शिवाय भाड्याच्या ५ टक्के हाउसिंग फी विजेच्या बिलातून येते, महिन्याला २००. हे बहुतेकांना पहिलं बिल बघून कळतं. फ्लॅट 'चिलर फ्री', म्हणजे एसीच्या गारव्याचा खर्च भाड्यातच धरलेला, नसेल तर जून ते सप्टेंबर एसीची वेगळी तरतूद ठेवा.

पैसे पाठवताना एक्स्चेंजवाल्याच्या बोर्डावरचा दर बघून भुलू नका. फी कापून खात्यात नेमके किती रुपये पडतील तेवढंच विचारा. फी बहुधा दर व्यवहाराला असते, म्हणून महिन्यातून एकदाच पाठवा. दिरहम १९९७ पासून डॉलरला ३.६७२५ वर बांधलेला आहे, त्यामुळे दर हलतो तो रुपयामुळे. हप्त्याची तारीख सोडून दराची वाट बघत बसलात तर दंडातच कमाई जाते. बेळगावचं बचत खातं एनआरओ (अनिवासी भारतीयाचं इथल्या पैशांसाठीचं खातं) करून घ्या, आणि तिकडची कमाई एनआरई (परदेशातल्या कमाईसाठीचं) खात्यात घ्या. एनआरईवरच्या व्याजाला इथं कर नाही.

दर महिन्याला बाजूला ठेवलेले ते २५० गणपतीला घरी येताना लागतात. रजेचं तिकीट कंपनी देणार की नाही हे करारात बघा. ऑगस्टअखेर शाळा उघडायच्या वेळी दुबईला परतीचं तिकीट महाग होतं. गोव्यात मोपा किंवा दाबोळी विमानतळावर उतरणार असाल तर चोर्ला घाटातून घरापर्यंतच्या गाडीचं भाडंही तिकिटातच धरा.