'आतून आलं' म्हणून ठेवू नका: कविता लिहिताना या चुका टाळा

संग्रह निघाला म्हणजे माणूस गंभीर कवी झाला असं नाही, आणि नोकरी सांभाळून वहीत लिहिणारा हौशीच असतो असंही नाही. फरक कळतो तो दुसऱ्या वाचनाला. हौशी कवी आपल्या ओळीवर खूश होऊन दाद शोधायला निघतो. दुसरा तीच ओळ घेऊन बसतो आणि कुठे खटकतंय ते चाचपतो.

'आतून आलं, तसंच ठेवलं' ही सगळ्यांत महागात पडणारी चूक. माझ्या जुन्या वहीत एक ओळ आहे: 'पाऊस आला, मन उदास झाले.' लिहिताना माझे डोळे भरले होते. वाचणाऱ्याचे कशाला भरतील? उदास म्हणून सांगितलंय, दिसत काहीच नाही. बऱ्याच खाडाखोडीनंतर उरलं ते असं: 'पाऊस आला. दोरीवरचा शर्ट काढायला कुणी उठलं नाही.' बरी म्हणावी इतपतच, पण घरात काहीतरी बिनसलंय एवढं तरी कळतं.

यमकाचं दुखणं निराळं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे आले-गेले-झाले फुकटात जुळतं आणि वाचक ते तुमच्या आधी बोलून मोकळा होतो. क्रियापद ओळीच्या मध्ये सरकवून बघा.

वृत्तातली ओळ अडखळली तर लगावली, म्हणजे तिच्यातल्या लघू (ल) आणि गुरू (गा) अक्षरांचा क्रम, मांडा. भुजंगप्रयात या वृत्तात 'लगागा' चार वेळा, म्हणजे 12 अक्षरं. 'मला भेटली ना कधी सांज माझी' बसते. जोर यावा म्हणून 'कधीच' केलं की 13वं अक्षर घुसतं आणि चाल मोडते. 'सत्य'मधला 'स' दिसायला लघू, पण पुढच्या जोडाक्षराच्या आघाताने गुरू होतो, त्याच्या मात्रा 2. बोटांवर मोजणारे इथे हमखास फसतात. मोठ्याने म्हणून बघणारे सहसा नाही.

गझलेला रदीफ, म्हणजे ओळीच्या शेवटी जसाच्या तसा परत येणारा शब्द, नसला तरी चालतं. काफिया, म्हणजे यमक, मात्र हवाच, आणि मतल्याच्या, म्हणजे पहिल्या शेराच्या, दोन्ही ओळींत.

मुक्तछंदाची शंका आली तर कविता सलग परिच्छेदासारखी लिहून काढा. काहीच हरवलं नाही, तर ते तोडलेलं गद्य होतं.

आणि कविता ऐकवल्यावर 'कशी वाटली?' विचारू नका. उत्तर 'छान' असंच येतं. दोन दिवसांनी विचारा, काय आठवतंय? माझ्या मित्राला फक्त शर्ट आठवला. बाकीची चार कडवी मी त्याच रात्री काढून टाकली.