सुपरचार्जरला ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह बसवताना या चुका टाळा

ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह, म्हणजे अॅक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर कोंडलेली दाबाची हवा सोडणारी झडप, विकत घेण्यापूर्वी बॉनेट उघडून एक गोष्ट पाहावी: थ्रॉटल (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) सुपरचार्जरच्या (इंजिनाच्या बेल्टवर फिरून हवा दाबाने भरणाऱ्या पंपाच्या) आधी आहे की नंतर. पुढच्या बहुतेक चुका हे न पाहिल्यामुळेच होतात.

2002 ते 2006 या काळातील मिनी कूपर एस घ्या. तिच्यात ईटन एम45 हा रूट्स जातीचा (दोन फिरत्या रोटरांनी हवा ढकलणारा) सुपरचार्जर असून थ्रॉटल त्याच्या आधी आहे. पाय उचलताच सुपरचार्जरला मिळणारी हवाच तुटते, त्यामुळे कोंडून राहणारा दाब तिथे तयार होत नाही आणि उरलेले काम मूळचा बायपास व्हॉल्व्ह (हवा सुपरचार्जरच्या तोंडाकडे परत वळवणारा) करतो. अशा गाडीत केवळ आवाजासाठी बाहेर उघडणारा व्हॉल्व्ह बसवला, तर थ्रॉटल मिटल्यावर मॅनिफोल्डमधील (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या नळ्यांमधील) निर्वात त्याच व्हॉल्व्हमधून बाहेरची हवा आत ओढतो आणि इंजिनाचे आरपीएम खाली यायला तयार होत नाहीत. माझे स्पष्ट मत आहे की इथे हा व्हॉल्व्ह बसवूच नये.

व्होर्टेक किंवा रोट्रेक्ससारख्या सेंट्रिफ्यूगल (वेगाने फिरणाऱ्या पंख्याने हवा दाबणाऱ्या) सुपरचार्जरमध्ये थ्रॉटल नंतर येतो. बेल्ट इंजिनाला जोडलेला असल्याने थ्रॉटल मिटला तरी कॉम्प्रेसर फिरतच राहतो आणि अडलेली हवा उलटी आदळते. पाय उचलताना ऐकू येणारी फडफड ती हीच. इथे व्हॉल्व्ह हवाच, पण टर्बोचा (बेल्टऐवजी एक्झॉस्टच्या जोरावर फिरणाऱ्या कॉम्प्रेसरचा) कडक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह जसाच्या तसा लावणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. टर्बोवर तो आयडलिंगला मिटलेला असला तरी चालते. या सुपरचार्जरवर मात्र तो आयडलिंगला आणि संथ वेगात उघडाच राहायला हवा, म्हणून स्प्रिंग नरम लागतो. उघड्या तोंडातून कधी हवा आतही ओढली जाऊ शकते, तेव्हा बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला छोटा फिल्टर लावावा.

एअर फ्लो सेन्सर सुपरचार्जरच्या आधी असेल, तर मात्र हवा बाहेर सोडूच नये. सेन्सरने मोजलेली हवा इंजिनात पोहोचत नाही, पण पेट्रोल तिच्या हिशेबानेच पडते. मग काळा धूर, डळमळणारे आयडलिंग आणि काळवंडलेले प्लग दिसू लागतात. अशा वेळी व्हॉल्व्हची परतीची नळी सेन्सर आणि सुपरचार्जरचे तोंड यांच्या मधे जोडावी.

व्हॉल्व्हला दाबाचा संदेश देणारी बारीक नळी थ्रॉटलनंतर, थेट इनटेक मॅनिफोल्डवरून घ्यावी. थ्रॉटलच्या आधीच्या पाइपवरून घेतली तर तिच्यात निर्वात येतच नाही आणि फडफड कायम राहते. इंधनदाबाच्या रेग्युलेटरच्या नळीला टी (तीन तोंडांचा जोड) जोडून काम भागवण्याचा मोहही आवरावा.

बसवल्यानंतर बूस्ट (सुपरचार्जरने वाढवलेला हवेचा दाब) कमी झाला, तर दोष लगेच व्हॉल्व्हवर टाकू नये. संदेशनळी निसटली असेल, तर पूर्ण बूस्टचा दाब व्हॉल्व्हमधील लवचीक पडद्याच्या मागे पोहोचत नाही आणि व्हॉल्व्ह ढकलला जाऊन उघडतो. नळी जागेवर असेल, तर हाताचा व्हॅक्यूम पंप व्हॉल्व्हच्या निपलला लावून दोन-तीन वेळा दाबावा: व्हॉल्व्ह उघडला पाहिजे आणि पंपाची सुई तिथेच थांबली पाहिजे. सुई हळूहळू खाली सरकली, तर आतला पडदा फाटलेला आहे. सुई स्थिर असेल, तर जोडांवर साबणाचे पाणी लावून पाइपमध्ये थोडी दाबाची हवा भरावी, म्हणजे गळणाऱ्या क्लॅम्पखाली बुडबुडे धरतात. पहिल्या फेरीनंतर इंजिन थंड झाले की सगळे क्लॅम्प पुन्हा आवळावेत, कारण उष्णतेने सिलिकॉनची नळी दबते.