आर्थिक संकटाचं कारण शोधताय? या चुका टाळा

संकट कशामुळे आलं असं विचारलं की झटकन एक नाव पुढे येतं. २००८? लेहमन ही अमेरिकी बँक. १९९१? आखाती युद्ध. १८६५? अमेरिकेतली यादवी संपली आणि कापूस पडला. खोटं काहीच नाही, पण हा झाला शेवटचा धक्का. कारण शोधायचं काम इथून पुढे सुरू होतं, आणि नेमकं इथेच बहुतेक जण थांबतात.

मुंबईचंच बघा. १८६१ मध्ये यादवी पेटली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेना, आणि मुंबईत पैशाचा पूर आला. नुसता पैसा आल्याने बँक बुडत नाही. १८६३ च्या कायद्याने बँक ऑफ बॉम्बेवरचे कर्जाचे निर्बंध सैल झाले आणि ती शेअरच्या तारणावर, कधी तर नुसत्या सहीवर, कर्ज देऊ लागली. मग समुद्रात भराव घालून जमीन करू पाहणाऱ्या बॅक बे कंपनीचा शेअर गहाण ठेवायचा, कर्ज काढायचं, त्यातून आणखी शेअर घ्यायचे. खरेदीने भाव चढला की तारणाची किंमत वाढते, की पुन्हा कर्ज. ५,००० रुपयांचा शेअर ५०,००० च्या घरात गेला. भराव घालायचा तो समुद्र मात्र होता तिथेच. त्यावर १ जुलै १८६५ च्या मुदतीचे वायदे, म्हणजे आज ठरलेल्या भावाने त्या दिवशी सौदा पुरा करायचा. एप्रिलमध्ये यादवीतल्या दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, कापूस कोसळला, आणि मुदत भरली तेव्हा फरक चुकवायला रोकड कोणाकडेच नव्हती. तारणातले शेअर विकायला काढावेत, तर घेणारा नाही. या सट्ट्यातले बडे व्यापारी प्रेमचंद रायचंदही बुडाले. बँकेत सरकारचं भांडवल होतं, सरकारने नेमलेले संचालक होते. तरी १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली.

म्हणून भावाचा आलेख आधी बाजूला ठेवावा आणि कागदावर तीन गोष्टी लिहाव्यात: कर्ज कोणी दिलं, कशावर दिलं, परत कधी मागता येतं. तिसरी हमखास राहून जाते. १९९७ च्या थायलंडमध्ये सगळं तिथेच अडलं: कर्ज डॉलरमधलं आणि थोड्या मुदतीचं, इमारतींचं भाडं मात्र बाहत या तिथल्या चलनात. २ जुलैला डॉलरशी बांधलेला बाहत मोकळा सोडला, तो घसरला आणि तेच कर्ज रातोरात जड झालं. १९९१ च्या भारतातही आखाती युद्धाने तेल महागलं हे खरं, पण वित्तीय तूट आणि परदेशी कर्ज १९८० च्या दशकभर साचत होतं.

‘लोकांचा लोभ’ हे कारण लिहू नका. लोभ रोजच असतो, संकट रोज येत नाही.

१६३७ च्या हॉलंडमधल्या ट्युलिपच्या कंदांवरच्या सट्ट्याचं उदाहरण तर पुरे झालं. भाव पडले, पण तिथली अर्थव्यवस्था काही कोसळली नाही.

१९२९ ची शेअरबाजाराची पडझड आणि महामंदी एकच समजू नका. मधे १९३० ते १९३३ मध्ये अमेरिकेत हजारो बँका बंद पडल्या.

१९९२ चा रोखे घोटाळा एकट्या शेअर दलाल हर्षद मेहतांवर ढकलणं सोपं आहे. खोट्या बँक रिसीट (रोखे विकल्याच्या बँकेच्या पावत्या) खऱ्या मानून पैसे सोडणारे बँकांतच बसले होते.