मराठवाड्याच्या जमिनीसाठी छोटे फावडे: निवड, वापर आणि निगा

बालाघाटात किंवा अजिंठ्याच्या डोंगररांगेत मुक्कामाला जाताना पाठपिशवीत लष्करी पद्धतीचे छोटे फावडे ठेवायचे असेल, तर ते विकत घेण्याआधी आपल्या पायाखालची जमीन विचारात घ्यावी. मराठवाड्यात बहुतेक ठिकाणी वर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली बेसाल्टचा खडक असतो. माळावर तर काळीचा थर जेमतेम बोटभर असतो आणि दुसराच घाव मुरमावर बसतो.

सैनिकाने कमरेला लावून न्यायच्या फावड्याचे पेटंट डेन्मार्कच्या लष्करातील लिनेमन या अधिकाऱ्याने १८६९ मध्ये घेतले. त्याच धर्तीचे रशियन फावडे ५० सेंटीमीटर लांब आणि न दुमडणारे आहे. अमेरिकन सैन्याने १९४३ मध्ये एका सांध्यावर दुमडणारे फावडे आणले आणि पुढे तीन घड्यांचेही आले. घडी जितकी लहान तितके नेणे सोपे हे खरे, पण मुरमात प्रत्येक सांधा ही कमजोर जागा ठरते. माझे पहिले फावडे पोकळ दांड्याचे, आत चाकू आणि करवत भरलेले होते. एका माळावर खणताना त्याच्या जोडाचे आटे गेले आणि पाते दांड्यापासून सुटले. तेव्हापासून माझे मत ठाम आहे: शक्यतो अखंड दांड्याचे फावडे घ्यावे, घडीचेच हवे असेल तर एका सांध्याचे आणि जाड नटाचे घ्यावे, आणि अंगठ्यांनी दाबल्यावर लवणारे पाते दुकानातच परत ठेवावे.

मुरूम फोडायचा असेल तेव्हा घडीच्या फावड्याचे पाते दांड्याशी काटकोनात आणून नट पूर्ण आवळावा, पाते दोन्ही हातांनी हलवून पाहावे आणि खडखड जाणवल्यास पुन्हा आवळावा. मग गुडघे टेकून, कुदळ चालवावी तसे लहान लहान घाव घालावेत. दांडा आखूड असल्यामुळे उभ्याने मारलेला घाव चुकला तर थेट नडगीवर येतो. मोकळा झालेला मुरूम पाते सरळ करून उचलावा. दगड लागला तर त्याच्या कडेने खणावे, पाते अडकवून उचकटू नये. ते काम पहारीचे आहे.

काळ्या मातीची तऱ्हा वेगळी. वाफसा असताना ती लोण्यासारखी कापली जाते, पण पावसात पात्याला अशी चिकटते की चार खेपांत फावड्याचा गोळा होतो. म्हणून जवळ लाकडाची एक चपटी काडी ठेवून दर दोन-तीन खेपांनी पाते खरवडावे. कन्नडजवळ जूनच्या पहिल्या पावसात आमची गाडी रुतली, तेव्हा आधी गाडीच्या पोटाखालचा चिखल काढला, मग चाकापुढे उतरता चर खणला आणि बांधावर रचलेल्या पऱ्हाट्या शेतकऱ्याला विचारून त्यात अंथरल्या, तेव्हा कुठे चाकाने पकड घेतली.

शौचासाठीचा खड्डा १५ ते २० सेंटीमीटर, म्हणजे साधारण पातेभर खोल आणि ओढ्या-विहिरीपासून किमान ६० मीटर दूर असावा. देवगिरीसारख्या संरक्षित किल्ल्यात मात्र खणणे हा गुन्हा आहे, आणि अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय जमिनीला फावडे लावू नये.

घरी आल्यावर पाते धुऊन, पूर्ण कोरडे करून त्यावर तेलाचा हात फिरवावा. धार बोथट झाली असेल तर कानशीने एकाच बाजूने, कडेकडे ढकलत घासावे. वस्तऱ्यासारखी धार केली तर ती मुरमात लगेच मोडते. लाकडी दांड्याला पावसाळ्याआधी जवसाचे तेल चोळावे आणि ती तेलकट चिंधी चुरगळून कोपऱ्यात टाकू नये, कारण वाळताना ती तापून आपोआप पेट घेऊ शकते. ती उघड्यावर पसरून वाळवावी किंवा पाण्यात बुडवून ठेवावी.