युकुलेलेचे कॉर्ड चार्ट: शोधायचे कसे, तपासायचे कसे, छापायचे कसे

युकुलेले, म्हणजे गिटारसारखं चार तारांचं छोटं वाद्य, हातात घेतलं की दोन्ही हात अडकतात. मोकळे राहतात ते डोळे. ते कागदाकडे जातात, पुढची कॉर्ड (एकत्र वाजवायचे स्वर) टिपतात आणि परत येतात. या खेपेला जरा जास्त वेळ लागला की ताल सुटतो. म्हणून चार्ट, म्हणजे शब्द आणि कॉर्ड लिहिलेला हा कागद, चांगला की वाईट हे त्याच्या सजावटीवर ठरत नाही. वाजवता वाजवता एका नजरेत तो कळला पाहिजे आणि अर्थातच बरोबर असला पाहिजे. इंटरनेटवर मिळणाऱ्या चार्टांत या दोन्ही गोष्टी एकत्र क्वचितच सापडतात, त्यामुळे शोधणं आणि छापणं यांच्या मधे तपासण्याची पायरी लागतेच.

आधी ट्यूनिंग

सर्वांत जास्त घोळ इथे होतो. सोप्रानो, कॉन्सर्ट आणि टेनर या तिन्ही आकारांचं आजचं नेहमीचं ट्यूनिंग, म्हणजे मोकळ्या तारांचे स्वर, जी-सी-ई-ए आहे. बॅरिटोनचं डी-जी-बी-ई. जुन्या छापील गाण्यांवर, विशेषतः १९२०च्या दशकातल्या, ए-डी-एफ शार्प-बी या ट्यूनिंगच्या आकृत्या बऱ्याचदा दिसतात. या तिन्ही ट्यूनिंगमध्ये तारांमधली अंतरं सारखीच असल्यामुळे बोटांचे आकारही तेच राहतात, फक्त त्यांची नावं बदलतात. दुसऱ्या ट्यूनिंगचा चार्ट छापला तर गाणं ‘चुकतं’ असंही वाटत नाही. एकटं वाजवताना सगळं जुळतं आणि कुणाबरोबर किंवा रेकॉर्डिंगबरोबर वाजवायला गेलं की काहीच जुळत नाही.

ओळखायची युक्ती सोपी आहे. बाकी तिन्ही तारा मोकळ्या आणि फक्त सर्वांत उजवीकडच्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला (फ्रेट म्हणजे वाद्याच्या मानेवरची धातूची आडवी पट्टी) बोट, अशी आकृती चार्टवर शोधा. तिच्यावर ‘सी’ लिहिलं असेल तर चार्ट जी-सी-ई-ए ट्यूनिंगचा. ‘जी’ लिहिलं असेल तर तो बॅरिटोनचा. ‘डी’ असेल तर ए-डी-एफ शार्प-बी. ‘लो जी’ तार लावलेल्या युकुलेलेला वेगळा चार्ट लागत नाही. जी एक सप्तक खाली जातो, बोटं तिथेच राहतात.

आकृती वाचताना

चार उभ्या रेषा म्हणजे तारा, डावीकडून जी, सी, ई, ए. वरची जाड रेषा म्हणजे नट (मानेच्या टोकाची, तारा टेकतात ती पट्टी), आडव्या रेषा म्हणजे फ्रेट. ठिपका दोन रेषांच्या मधे असतो, पण बोट प्रत्यक्षात फ्रेटच्या पट्टीला लागून, तिच्या किंचित मागे दाबायचं. मधोमध किंवा फार मागे दाबलं तर जोर जास्त लागतो आणि तार खरखरते. वर जाड रेषा नसेल आणि बाजूला एखादा आकडा असेल, तर आकृती नटपासून नव्हे, त्या फ्रेटपासून सुरू होते. तो आकडा नजरेतून सुटला की कॉर्ड पूर्णच वेगळी वाजते. ठिपक्यातले किंवा आकृतीखालचे १ ते ४ हे आकडे बहुतेक वेळा बोटांचे असतात, फ्रेटचे नव्हेत: १ तर्जनी, ४ करंगळी.

मजकुरात कॉर्ड चार आकड्यांनी लिहिलेली असेल तर ते आकडे फ्रेटचे असतात आणि क्रम तोच, जी-सी-ई-ए. सुरुवातीला लागणाऱ्या बहुतेक कॉर्ड इथेच घ्या: सी ०००३, ए मायनर २०००, एफ २०१०, जी ०२३२, जी सेव्हन ०२१२, सी सेव्हन ०००१, डी मायनर २२१०, डी २२२०, ए २१००, ए सेव्हन ०१००, ई मायनर ०४३२, ई सेव्हन १२०२, बी मायनर ४२२२, बी फ्लॅट ३२११. डी सेव्हन दोन तऱ्हांनी दिसेल, २२२३ आणि २०२०. दुसरीत मूळ डी स्वरच नाही, तरी गाण्यात ती चालते आणि बोटांना खूप सोपी जाते.

टॅबमध्ये, म्हणजे तारांच्या आडव्या ओळींवर फ्रेटचे आकडे लिहायच्या पद्धतीत, मात्र दिशा बदलते. टॅबची सर्वांत वरची ओळ ए तारेची, सर्वांत खालची जी तारेची. एकाच कागदावर आकृती आणि टॅब दोन्ही असतील तर हे मनात पक्कं असू द्या.

शोध

सर्च करताना गाण्याचं नाव, मग ‘युकुलेले कॉर्ड्स’ आणि शेवटी ‘पीडीएफ’ असे शब्द टाका. रोमन लिपीत टाकले तर निकाल जास्त येतात. उकुटॅब्स ही साइट युकुलेलेचीच आहे. अल्टिमेट गिटारवर गाण्यांचा साठा मोठा आहे आणि आकृत्या युकुलेलेच्या करून पाहता येतात. कॉर्डिफाय रेकॉर्डिंग ऐकून कॉर्ड आपोआप काढतं. ज्या गाण्याचा चार्ट कुणीच केलेला नाही त्यासाठी ते उपयोगी, पण सेव्हन्थ आणि मेजर सेव्हन्थ यांत अशा यंत्रांची गल्लत होते. सी सेव्हन ०००१ आणि सी मेजर सेव्हन ०००२, एका फ्रेटचाच फरक, पण रंग अगदी निराळा.

युकुलेलेचा चार्ट मिळाला नाही तर गिटारचा बिनदिक्कत घ्या. कॉर्डचं नाव दोन्ही वाद्यांवर एकच असतं, आकार फक्त वेगळे. गिटारच्या आकृत्या सोडून द्यायच्या, नावं घ्यायची आणि आकार वरच्या यादीतून बसवायचे. अडचण कापोची, म्हणजे एका फ्रेटवर सगळ्या तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याची, असते. चार्टवर ‘कापो ३’ असेल तर त्यातली नावं कापोपासून मोजलेली असतात: लिहिलेली जी प्रत्यक्षात बी फ्लॅट वाजते. रेकॉर्डिंगबरोबर वाजवायचं असेल तर सगळ्या कॉर्ड तीन अर्धस्वर (एक अर्धस्वर म्हणजे एक फ्रेट) वर न्या, किंवा युकुलेलेवरही तिसऱ्या फ्रेटला कापो लावा. एकट्यानं गायचं असेल तर कापोकडे दुर्लक्ष करा.

पट्टी बदलायला हा क्रम पुरतो: सी, सी शार्प, डी, डी शार्प, ई, एफ, एफ शार्प, जी, जी शार्प, ए, ए शार्प (म्हणजेच बी फ्लॅट), बी, आणि पुन्हा सी. ई पट्टीतली गाणी गिटारवर सोयीची असतात, युकुलेलेवर नाहीत, कारण इथली ई कॉर्ड ४४४२ नवख्याच्या हातात बसत नाही. समजा गाण्यात ई, ए, बी सेव्हन आणि सी शार्प मायनर आहेत. चार अर्धस्वर खाली आणल्या की त्या सी, एफ, जी सेव्हन, ए मायनर होतात. गळ्याला ते फार खाली वाटलं तर मूळ पट्टीपासून एक अर्धस्वर वर जा: एफ, बी फ्लॅट, सी सेव्हन, डी मायनर. बदलताना फक्त मूळ अक्षर सरकतं. मायनर, सेव्हन हे शेपूट जसंच्या तसं राहतं. आणि एक जरी कॉर्ड बदलायची राहिली तरी गाणं तिथे अडखळतं, म्हणून चालू चार्टवर खाडाखोड करू नका, नवा कागद घ्या.

छापण्याआधी तपासा

दोन वेगवेगळे चार्ट शेजारी ठेवा. पट्टी वेगळी असेल तर आधी एकीत आणा. जिथे दोघांत फरक दिसेल तेवढीच जागा रेकॉर्डिंगबरोबर वाजवून पाहा, सगळं गाणं तपासायची गरज नसते. सी पट्टीतल्या साध्या गाण्यात सी, डी मायनर, ई मायनर, एफ, जी आणि ए मायनर याच कॉर्ड फिरत राहतात. मधेच बी मेजर किंवा एफ शार्प दिसली तर ती खरीही असू शकते, पण आधी शंका घ्या.

जर्मन किंवा चेक चार्टमध्ये ‘एच’ नावाची कॉर्ड भेटेल. तिकडे एच म्हणजे आपली बी, आणि बी म्हणजे बी फ्लॅट. तिरप्या रेषेनं जोडलेल्या कॉर्डमध्ये, उदाहरणार्थ ‘सी तिरपी रेघ जी’, रेघेनंतरचं अक्षर खालचा बास स्वर सांगतं. ‘लो जी’ नसलेल्या, नेहमीच्या उंच जी तारेच्या युकुलेलेवर तो बास निघतच नाही. नुसती सी वाजवा.

ब्राउझरमधून छापताना

वेबपान थेट छापलं की जाहिराती, टिप्पण्या आणि पाच पानं हाती येतात. साइटवर प्रिंटचं बटण असेल तर तेच वापरा. नाहीतर ब्राउझरचा रीडर मोड लावून पाहा, पण त्यात कॉर्ड जागच्या हलल्या तर तो सोडून द्या. मग:

१. प्रिंट प्रिव्ह्यू उघडा आणि आधी ‘सेव्ह अ‍ॅज पीडीएफ’ करा. कागदाचा पहिला प्रयोग पडद्यावर होऊ द्या.
२. हेडर आणि फुटर बंद करा.
३. आकृतीच्या रेषा दिसतात पण ठिपके गायब आहेत, असं झालं तर ‘बॅकग्राउंड ग्राफिक्स’ चालू करा. काही साइटवर ठिपके पार्श्वभूमीच्या रंगानं काढलेले असतात आणि ब्राउझर शाई वाचवायला तो रंग छापत नाही.
४. कागद ए४ निवडा. अमेरिकन लेटर आकार २१६ × २७९ मिलिमीटर, ए४ २१० × २९७. एकासाठी केलेली पीडीएफ दुसऱ्यावर ‘अ‍ॅक्चुअल साइझ’नं छापली तर कडेची ओळ कापली जाऊ शकते. ‘फिट टू पेज’ ठेवा.
५. शेवटच्या चार ओळीच दुसऱ्या पानावर जात असतील तर स्केल ९० टक्क्यांवर आणा. ८० टक्क्यांच्या खाली जायची वेळ आली तर छोटं करू नका, दोन पानं करा.

रंगीत कॉर्ड कृष्णधवल प्रिंटरवर फिकट राखाडी होतात. पिवळ्या आणि आकाशी रंगाच्या तर दिसेनाशा होतात. शक्य असेल तर सगळं काळं करून कॉर्ड ठळक ठेवा. मोबाइलचा स्क्रीनशॉट छापणं हा शेवटचा उपाय समजा: ६०० पिक्सेल रुंद चित्र १८ सेंटिमीटरवर ताणलं तर इंचाला जेमतेम ८५ ठिपके पडतात. स्वच्छ छपाईला साधारण ३०० लागतात, तेव्हा कडा धुरकट होणारच.

स्वतःचा कागद

गाणं खरंच बसवायचं असेल तर चार्ट स्वतः टाइप करणं सगळ्यांत चांगलं. टाइप करतानाच अर्धं गाणं लक्षात राहतं.

मजकूर वर्ड प्रोसेसरमध्ये चिकटवल्यावर शब्दांवरच्या कॉर्ड हमखास सरकतात. इंटरनेटवरचे चार्ट प्रत्येक अक्षराला सारखी रुंदी देणाऱ्या फॉन्टमध्ये असतात आणि तुमचा फॉन्ट तसा नसतो. रोमन मजकुराला कुरिअर न्यू लावला की सगळं जागेवर येतं. देवनागरीला हा इलाज चालत नाही, कारण जोडाक्षरं आणि मात्रांमुळे रुंदी सारखी राहूच शकत नाही. त्यासाठी कॉर्ड ओळीतच, ज्या अक्षरावर बदलते त्याच्या लगेच आधी, चौकोनी कंसात घाला. कॉर्डप्रो नावाची पद्धत हीच आहे. ती वाचणारी अ‍ॅप कंसातली कॉर्ड छापताना शब्दाच्या वर नेऊन ठेवतात आणि पट्टीही एका फटक्यात बदलून देतात. त्यासाठी कंसातली कॉर्डची अक्षरं मात्र रोमनच हवीत. शब्द युनिकोड फॉन्टमध्येच टाइप करा, जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर अगम्य चिन्हांत बदलतो.

मांडणी अशी करा. वर गाण्याचं नाव, पट्टी, ट्यूनिंग आणि स्ट्रमिंगचा (तारा वरखाली छेडण्याचा) नमुना. त्याखाली आकृत्यांची एक ओळ, गाण्यात कॉर्ड येतात त्या क्रमानं, प्रत्येक एकदाच. प्रत्येक ओळीवर आकृत्या छापल्या तर डोळा त्यांतच अडकतो आणि शब्द हरवतात. मग शब्द, १४ ते १६ पॉइंटमध्ये. स्टँडवरच्या अंतरावरून १२ पॉइंट वाचायला डोळे ताणावे लागतात. धृपद एकदाच पूर्ण लिहून पुढे ‘धृपद’ एवढंच लिहिलं तर जागा वाचते, पण नजर वर उडी मारते. जागा असेल तर पुन्हा पूर्ण छापा.

कोऱ्या आकृत्या हव्या असतील तर रेषा ६ मिलिमीटर अंतरावर काढा. तारा चार म्हणजे रकाने तीन, रुंदी १८ मिलिमीटर. इथे चार रकाने काढायची चूक फार जण करतात आणि आकृतीला पाचवी तार फुटते. फ्रेटचे पाच रकाने म्हणजे उंची ३० मिलिमीटर. ए४वर चार स्तंभ, पाच ओळी, अशा २० आकृत्या नाव लिहायला जागा ठेवून आरामात बसतात.

शब्द आणि चाल यांचे हक्क सहसा कवी-संगीतकारांचे किंवा प्रकाशकांचे असतात. वर्गात प्रती वाटायच्या किंवा ऑनलाइन टाकायच्या असतील तर आधी परवानगीचं पाहा.

फाइलला लावायचं तर डावीकडे २५ मिलिमीटर समास सोडा. दोन भोकांच्या नेहमीच्या पंचची भोकं कडेपासून १२ मिलिमीटर आत पडतात. दोन पानी गाणं एकाच कागदाच्या पुढेमागे छापू नका. ते डाव्या पानापासून सुरू झालं पाहिजे, म्हणजे फाइल उघडली की दोन्ही पानं समोरासमोर येतात आणि वाजवताना पान उलटावं लागत नाही. त्यासाठी मधे एक कोरं पान घालावं लागलं तर घाला. चकचकीत प्लास्टिकच्या पिशव्यांवर दिव्याचा उजेड परावर्तित होतो, मॅट घ्या. लॅमिनेशन करू नका: पहिल्या आठवड्यात त्या कागदावर पेन्सिलीनं बरंच लिहायचं असतं, कुठे श्वास, कुठे कॉर्ड अर्धा ठोका आधी, कुठे करंगळीऐवजी अनामिका.