जुना पु-अर घरी कसा चाखायचा: चौथ्या पाण्याआधी मत देऊ नका

पु-अर चहाबद्दल जे सल्ले फिरत असतात, त्यातले निम्मे वजन कमी करण्याबद्दल असतात. उरलेले 'मातीची चव लागते, हळूहळू सवय होते' इथं येऊन थांबतात. पहिल्यांशी मला देणंघेणं नाही. पोट उतरवायचं असेल तर आमच्या कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाला फेऱ्या मारा. दुसऱ्यांशी मात्र भांडण आहे. नीट सांभाळलेल्या जुन्या पु-अरला मातीची चव लागत नाही. लागत असेल तर ती बहुतेक वेळा गोदामाची असते आणि ती बाजूला सारून खालचा चहा ओळखायचा, एवढंच यात शिकण्यासारखं आहे. बाकी सगळं उकळतं पाणी आणि थोडा धीर.

काय घ्यायचं

हा चहा चीनच्या युन्नान प्रांतातला. रोज सकाळी आलं घालून उकळतो ती आसामची पावडर आणि हा चहा एकाच जातीच्या, मोठ्या पानांच्या झाडाचे. पानं उन्हात वाळवतात, वाफेवर मऊ करून दाबतात. नेहमीची चकती ३५७ ग्रॅमची. अशा सात चकत्या बांबूच्या सालीत बांधल्या की जवळपास अडीच किलोचा गठ्ठा होतो.

प्रकार दोन. कच्चा पु-अर तसाच दाबून ठेवतात आणि तो वर्षानुवर्षं आपला आपण बदलत जातो. पिकवलेल्या पु-अरची रीत १९७३ च्या सुमाराला युन्नानची राजधानी कुनमिंगमध्ये बसवली गेली: पानांचा ढीग पाणी मारून, झाकून काही आठवडे तापू द्यायचा, म्हणजे अनेक वर्षांचं काम लवकर उरकतं. पिकवलेला दोन-तीन वर्षांत ढिगाचा वास सोडतो आणि पिण्यालायक होतो. कच्च्याला 'जुना' म्हणायला माझ्या मते पंधरा वर्षं तरी हवीत.

चकतीवरच्या आकड्यांना फसू नका. ७५४२ हा नावाजलेला कच्चा प्रकार. त्यातले ७५ म्हणजे ती कृती ठरली ते साल, ४ म्हणजे पानांची प्रत आणि २ म्हणजे युन्नानमधल्या मेंगहाईचा कारखाना. चहा कधी बनला याच्याशी या आकड्याचा काही संबंध नाही. '७५ सालचा माल आहे साहेब' म्हणून कोणी गळ्यात मारू लागला, तर हात जोडा आणि निघा.

सुरुवातीला अख्खी चकती मुळीच घ्यायची नाही. पंचवीस-पंचवीस ग्रॅमचे तीन नमुने मागवा: आठ-दहा वर्षांचा पिकवलेला, पंधरा वर्षांच्या वरचा कच्चा आणि एक अगदी कोवळा, दोन-तीन वर्षांचा कच्चा. तिसरा मजेसाठी नाही. तो शेजारी असल्याशिवाय वयानं चहात काय बदललं हे जिभेला कळत नाही.

भांडी, पाणी

शंभर मिलीचा झाकणाचा, बिनकानाचा चिनी मातीचा प्याला, म्हणजे गायवान. नसेल तर छोटा चिनी मातीचा मग, झाकणाला बशी आणि एक गाळणी. पेले आतून पांढरे हवेत. गुजरीतल्या सोनाराइतकी काटेकोर मापं नकोत, पण ०.१ ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा लागतोच. हा चहा चमच्यानं मोजता येत नाही. दाबलेला तुकडा आणि सुटी पानं चमच्यात सारखी दिसली तरी वजनात फार फरक पडतो.

नळाचं पाणी गाळून घेतलं की काम होतं. बोअरचं नको, क्षारांनी रंग काळवंडतो आणि वर तवंग धरतो. आरओचं पाणी इतकं अळणी की चहा पोकळ लागतो. पाणी ९५ अंशांवर आणून थांबवा, असं वाचाल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास आहे, इथं पाणी मुळात ९८ अंशांच्या जवळपासच उकळतं. ते आणखी निववू नका. खळखळ उकळी आली की लगेच ओता.

चाखायचं ते सकाळी, थोडं काही खाऊन. उपाशीपोटी कच्चा पु-अर पोटात कालवाकालव करतो. आणि रविवारी तांबडा-पांढरा ओरपून झाल्यावर तर बसूच नका, त्या जिभेला संध्याकाळपर्यंत काही कळणार नाही.

फोडणं

चकतीच्या कडेला टोच्याची किंवा जाड दाभणाची टोकं सरकवा, थर सुटेपर्यंत हलकेच उचला. हात टोकासमोर धरायचा नाही. चुरा वेगळा ठेवा. त्यानं चहा कडवट होतो.

वास: माती, ओल की बुरशी

इथंच बहुतेकांची गाडी अडते, आणि मीही सगळ्यात जास्त अडखळलो ते इथंच. गरम पाणी पडलं की पानांतून एक भपका येतो. ओलं तळघर, जुनी गोणपाटं, बंद खोली. आमच्या आत्यानं पहिल्याच घोटाला 'अरं, पोत्याचा वास मारतोय की ह्याला!' म्हणून पेला माझ्याकडं सरकवला. आत्याचं नाक बरोबर होतं, वास पोत्याचाच होता. प्रश्न एवढाच, की तो वरवरचा आहे की पानात मुरलेला.

हा वास येतो कुठून? हाँगकाँगच्या जुन्या व्यापाऱ्यांनी चहा लवकर जुना व्हावा म्हणून तो मुद्दाम दमट गोदामांत ठेवायची पद्धत पाडली. तो चहा लवकर गडद आणि मवाळ होतो, पण गोदाम अंगाला लावून येतो. उलट कुनमिंगच्या कोरड्या हवेत राहिलेली तीच चकती वीस वर्षांनीही धार राखून असते. म्हणजे साल एक, कारखाना एक, तरी चव दोन तऱ्हांची. कोणी नुसतं साल सांगून भाव सांगत असेल, तर आधी विचारा: ही वर्षं माल होता कुठं?

पहिला उपाय म्हणजे हवा देणं. नमुना आला की त्याच दिवशी किटली चढवायची नाही. फोडलेले तुकडे एका कोऱ्या, बिनझिलईच्या मडक्यात ठेवा, तोंडाला सुती फडकं बांधा आणि दोन-तीन आठवडे विसरून जा. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीची घाई नसताना गेलात तर असं लहानसं मडकं मिळून जातं. ते पाणी न लावता कडक उन्हात चांगलं तापवून घ्या. मडक्याची जागा स्वयंपाकघरात नको. कांदा-लसूण मसाल्याच्या बरणीशेजारी आठवडाभर राहिलेला पु-अर मग मसाल्याचाच लागतो. चहा शेजारचा वास ओढून घेतो आणि परत देत नाही. हे सगळं करायचं दिवाळी ते होळी या दिवसांत. पावसाळ्यात मडकं उघडलंत तर ओल जायच्या ऐवजी भर पडेल.

दुसरा उपाय धुणं. सहा ग्रॅम पानं, वर उकळतं पाणी, पाच सेकंदांत ओतून टाका. दमट गोदामातल्या किंवा पिकवलेल्या चहाला दोनदा. मग झाकण ठेवून मिनिटभर थांबा, म्हणजे दाबलेला तुकडा आतपर्यंत भिजतो. त्यानंतर झाकण उचलून आतली बाजू नाकाजवळ न्या. पानांपेक्षा झाकणाचा वास स्वच्छ कळतो.

आता पाणी, म्हणजे त्याच पानांवर पुन्हा पुन्हा उकळतं पाणी ओतून काढलेला एकेक चहा. पहिली तीन पाणी दहा-दहा सेकंदांची, चौथं पंधरा, पाचवं वीस, पुढं हळूहळू वाढवत जा. आठव्यानंतर मिनिटभर ठेवलं तरी चालतं. चांगला चहा दहा-बारा पाणी सहज देतो.

पहिली दोन पाणी प्या, पण त्यावर मत देऊ नका. तिथं गोदाम बोलतं. तिसऱ्या-चौथ्याला लक्ष वासावरून काढून कडवटपणावर आणा: तो जिभेच्या कुठल्या भागावर बसतो आणि किती वेळ टिकतो? कोवळ्या कच्च्यात कडू आणि तुरट चव हिरड्यांना धरून बसते. जुन्या कच्च्यात कडू येतं आणि सरतं, आणि मागोमाग जिभेच्या मुळाशी गोडसर ओल सुटते. यासाठी घोट गिळल्यावर अर्धा मिनिट तोंड बंद ठेवावं लागतं. कोल्हापुरात चार माणसं चहाला बसली की हे सगळ्यात अवघड, म्हणून पहिल्या काही वेळा एकट्यानंच बसा.

पाचव्या ते सातव्या पाण्यात वय दिसतं. कापूर, जुनं सागवान, खारीक, कधी वाळवलेल्या आवळ्याचा आंबटपणा. पिकवलेल्यात खारीक, बीट, थोडा कोको, आणि तोंडात एक जाड, गुळगुळीत भरीवपणा. यातलं काहीच नाही सापडलं तर जबरदस्तीनं शोधू नका. विकणाऱ्याच्या वर्णनात दहा वास लिहिलेले असतात, मला एका बैठकीत दोन-तीन सापडले तरी मी खूश असतो.

आणि एक, पेला संपल्यावर ठेवून देऊ नका. मिनिटभर निवू द्या, मग रिकामा पेला हुंगा. तळाशी गोडसर, थोडा कापराचा वास राहिला असेल तर चहात दम आहे. तिथंही पोतंच असेल, तर तो चहा अजून मडक्यात जायला हवा.

आता टाकून कधी द्यायचा ते ऐका. चौथ्या पाण्यानंतरही कुबट वास तसाच असेल, घोट गिळल्यावर घशात खवखव होत असेल किंवा घसा आवळल्यासारखा वाटत असेल, तर थांबा. 'जुना आहे, असाच लागतो' म्हणणाऱ्याचं ऐकू नका. आणि कोरड्या तुकड्यावर कापसासारखी पांढरी, हिरवी किंवा काळी बुरशी दिसली तर खरवडून, धुऊन, ऊन दाखवून प्यायचा विचारही नको. कितीही महाग असला तरी तो कचऱ्यात.

चोथा बघा

ही पायरी सगळे गाळतात आणि फसतात. शेवटच्या पाण्यानंतर पानं पांढऱ्या ताटलीत पसरा, एक पान बोटांत धरून उलगडा. जुन्या कच्च्याचं पान तपकिरी झालेलं असतं, पण लवचीक. ते उघडतं, शिरा दिसतात, देठ वाकतो. पिकवलेल्याचं पान काळपट, बरंचसं तसंच आकसलेलं राहतं, चोळलं तर लगदा होतो. कोळशासारखे कडक काळे तुकडे दिसले तर तो ढिगात जादा तापला. 'तीस वर्षांचा कच्चा' म्हणून पिकवलेला चहा विकणं ही या धंद्यातली जुनी युक्ती आहे, आणि ती इथं, ताटलीत, उघडी पडते. पेल्यातला रंगही बघा: चांगला जुना कच्चा तांबूस-लाल आणि आरपार स्वच्छ असतो.

दूध, साखर नको. गुळाचा खडा तर चाखताना अजिबात नको, कितीही आपल्या मातीतला असला तरी. घशातून येणारी ती बारीक गोडी त्याखाली पार बुडते. पाहुण्यांना द्यायचाच असेल तर सगळी पाणी संपल्यावर.

पावसाळा

जुलै-ऑगस्टात आपल्याकडं हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. पु-अरला साधारण ६० ते ७० बरी. म्हणून एप्रिलात, वळीव सुरू व्हायच्या आधी, कोरड्या दिवशी सगळे तुकडे मडक्यातून काढून जाड, हवाबंद पिशवीत भरा आणि भिंतीला न टेकणाऱ्या कपाटात ठेवा. फ्रिज नको. ऑक्टोबरची ऊब आली की परत मडक्यात. मधल्या काळात प्यावासा वाटला तर लागेल तेवढा आधीच वेगळ्या छोट्या पिशवीत काढून ठेवा, मोठी पिशवी सारखी उघडू नका.

दहा-बारा पाण्यांनंतर पेल्यात नुसता रंग उरला की तीच पानं पातेल्यात दोन कप पाणी घालून पाच-सात मिनिटं मंद उकळा. पिकवलेला असेल तर यातून आणखी एक गोड, जाड पेला निघतो. कोवळ्या कच्च्याच्या बाबतीत हे करू नका, कडू होतो. मग चोथा गुलाबाच्या कुंडीत, वरून मूठभर माती ओढून, नाहीतर चिलटं येतात.