पिकअप घ्यावी की सात आसनी गाडी: शेतकरी घरासाठी निवडीची रीत

आमच्या निफाड तालुक्यात द्राक्ष किंवा टोमॅटो करणाऱ्या घरात पहिली चारचाकी घेण्याचा विषय निघाला की त्याच संध्याकाळी घराचे दोन पक्ष होतात. शेत पाहणारा म्हणतो, पिकअप घेऊ, भाड्याचे पैसे वाचतील. घर पाहणारी म्हणते, माणसे बसतील अशी गाडी घेऊ, कारण दवाखाना, शाळा, लग्ने आणि माहेर हे सगळे हौद्यात बसून होत नाही. दोघांचेही म्हणणे खरे असते, आणि म्हणूनच हा निर्णय शोरूममध्ये न घेता घरी, वही घेऊन घ्यावा असे मला मनापासून वाटते.

पहिले काम म्हणजे मागच्या बारा महिन्यांतील फेऱ्या मोजणे. पिंपळगाव बसवंतच्या बाजार समितीत किती वेळा माल नेला, प्रत्येक वेळी किती क्रेट होते, खते आणि औषधे आणायला किती फेऱ्या झाल्या, नाशिकला दवाखान्यात किती वेळा जावे लागले, आणि त्या प्रत्येक फेरीत गाडीत माणसे किती होती, हे आठवून लिहावे. भाड्याच्या पावत्या आणि बाजार समितीच्या काटापट्ट्या जपून ठेवल्या असतील तर निम्मे काम तिथेच होते. माणसाला ऐन हंगामातला गोंधळ तेवढा आठवतो, उरलेले महिने आठवत नाहीत. तोडणीच्या दिवशी वेळेवर गाडी न मिळाल्याचा राग इतका ताजा असतो की त्या दोन महिन्यांसाठी आपण बारा महिन्यांची गाडी घेऊन बसतो.

यानंतर मालाच्या वजनाचा हिशेब करावा. टोमॅटोचा क्रेट, ज्याला आपण सगळे कॅरेट म्हणतो, 20 किलो मालाचा धरला जातो, आणि रिकाम्या क्रेटसह त्याचे वजन 22 किलोच्या आसपास भरते. 1,300 किलो क्षमतेच्या पिकअपचा हौदा सुमारे अडीच मीटर लांब आणि 1.7 मीटर रुंद असेल, तर 60 बाय 40 सेंटिमीटरचे सोळा क्रेट एका थरात नीट बसतात. तीन थरांचे अठ्ठेचाळीस क्रेट म्हणजे 1,056 किलो झाले. चौथ्या थरात अकरा क्रेट ठेवले की क्षमता संपते, पण डोळ्यांना मात्र तिथे आणखी पाच क्रेटची जागा दिसत असते. मोटार वाहन कायद्यात जादा भारासाठी 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे. त्याहून मोठी काळजी कसारा घाट उतरताना ब्रेकवर येणाऱ्या ताणाची असते. तुमचा नेहमीचा माल पाचशे किलोंच्या आत असेल तर टाटा एससारखी, म्हणजे आपल्या छोट्या हत्तीसारखी, गाडीही पुरते.

वजन वाहण्याची हीच ताकद रिकाम्या गाडीत त्रास देते. पिकअपच्या मागच्या चाकांवर एकावर एक पट्ट्या रचलेले पोलादी पाटे असतात, आणि ते टनभर ओझे पेलण्याच्या हिशेबाने कडक केलेले असतात. ओझे नसले की ते दबतच नाहीत, आणि खड्ड्याचा प्रत्येक धक्का थेट आसनापर्यंत पोहोचतो. आमच्याकडे चार वर्षे फक्त पिकअप होती. आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर तिला नाशिकहून घरी आणताना ती कॅबिनमध्ये खिडकीशी बसली होती, मी मधल्या जागेवर गिअरच्या दांड्याला पाय लागू नयेत म्हणून आखडून बसलो होतो, आणि चालक भाऊ शक्य तितक्या हळू गाडी हाकत होता. शिवाररस्त्याला लागल्यावर रिकामा हौदा मागे थाडथाड वाजू लागला आणि प्रत्येक दणक्याला आईचा हात माझ्या मनगटावर घट्ट होत गेला. ती एक शब्द बोलली नाही. तेवढ्या दोन किलोमीटरमध्ये आमचा पुढचा निर्णय झाला.

सात आसनी गाडीचा विचार करताना ‘मागची सीट पाडली की मालही मावतो’ हे वाक्य तपासून घ्यावे. युरियाची गोणी 45 किलोची असते, म्हणून दहा गोण्यांचे 450 किलो म्हणजे जवळजवळ सात माणसांचे वजन झाले. गाडी ते ओढेल, पण मग त्या फेरीत चालकाशिवाय कोणाला बसवू नये. दुसरी गोष्ट मी अधिक कळकळीने सांगतो: कीटकनाशके आणि गंधक बंद गाडीतून मुलांसोबत आणू नयेत. बाटलीचे झाकण सैल निघाले तर औषध आसनाच्या कापडात मुरते, आणि काचा लावून वातानुकूलन सुरू केले की तीच हवा मुलांच्या श्वासात जाते. औषधांची फेरी निराळी करावी, किंवा दुकानदाराला शेतावर पोहोच मागावी.

याच्या उलट चूक म्हणजे माणसांना हौद्यात बसवणे. लग्नाला, यात्रेला, तोडणीच्या मजुरांना नेताना हे आपल्याकडे इतके सर्रास चालते की त्यात कोणाला वावगे वाटत नाही. मालवाहू गाडीच्या विम्यात मालाचा मालक किंवा त्याचा अधिकृत प्रतिनिधी धरला जातो, पण फाळक्याला धरून उभ्या असलेल्या वऱ्हाडाला ते संरक्षण नसते. तुमच्या वहीत वर्षाला दहा फेऱ्या जरी अशा निघाल्या, तरी पिकअप हे तुमच्या घराचे उत्तर नाही असे मी स्पष्ट म्हणेन.

कागदपत्रांचा खर्च हप्त्याइतकाच मोजावा. पिकअप सहसा पिवळ्या नंबर प्लेटवर, परिवहन वाहन म्हणून नोंदली जाते. 1 जून 2022 पासून लागू झालेल्या दरांनुसार 7,500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीचा तृतीय पक्ष विमा वर्षाला 16,049 रुपये होता, तर 1,000 ते 1,500 सीसीच्या खासगी मोटारीचा 3,416 रुपये. पासिंगही वेगळे असते: नव्या मालवाहू गाडीचे पहिले योग्यता प्रमाणपत्र दोन वर्षे चालते, मग आठव्या वर्षापर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी ते नव्याने घ्यावे लागते, तर खासगी गाडीची नोंदणी एकदम पंधरा वर्षांची असते. दिलासा असा की एकूण वजन 3,000 किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला माल वाहण्याचा परवाना (परमिट) लागत नाही. तसेच 6 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने दिलेल्या निकालामुळे हलके मोटार वाहन चालवण्याचा साधा परवाना (लायसन्स) असलेला माणूस 7,500 किलोंच्या आतली मालवाहू गाडी चालवू शकतो. किमतीकडे पाहताना कर विसरू नये. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर 28 वरून 18 टक्क्यांवर आला. चार मीटरच्या आतल्या, दीड लिटरपर्यंतच्या डिझेल इंजिनाच्या बोलेरोसारख्या गाडीलाही 18 टक्केच लागतात, पण साडेचार मीटरच्या जवळ जाणाऱ्या अर्टिगासारख्या गाडीला 40 टक्के.

आता भाड्याशी तुलना. समजा आठ लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पाच वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे 17,000 रुपये, म्हणजे वर्षाला दोन लाखांवर जातो. तुमच्या गावात बाजार समितीची एक फेरी दीड हजारात होत असेल आणि वर्षात चाळीस फेऱ्या असतील, तर भाडे साठ हजार झाले. अशा घराने माल भाड्याने पाठवावा आणि गाडी माणसांसाठी घ्यावी. फेऱ्या दीडशेच्या पुढे जात असतील, किंवा शेजाऱ्यांचा माल नेण्याचे काम हक्काने मिळत असेल, तर पिकअप स्वतःचे पैसे काढते. मधल्या आकड्यांवर असलेल्यांनी दोन-तीन भावकीतल्या घरांनी मिळून एक पिकअप घ्यावी का, हे पाहावे. मात्र डिझेल, चालक आणि दुरुस्ती कोणाकडे, हे आधी लिहून ठेवावे, नाहीतर गाडीपेक्षा नाते आधी मोडते.

दोन्ही गोष्टी एकातच हव्या असणाऱ्यांना दोन रांगांच्या कॅबिनची पिकअप खुणावते. बोलेरो कॅम्परमध्ये पाच माणसे बसतात आणि सुमारे एक टन माल जातो, पण हौदा बराच आखूड होतो आणि पाटे तसेच कडक राहतात. चार-पाच मजूर आणि त्यांच्यासोबत फवारणीचे सामान रोज न्यायचे असेल तर ती उत्तम आहे. आजारी माणसासाठी ती तितकीच अवघड आहे. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स या दिसायला देखण्या, चारही चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या आहेत, परंतु दोन्ही 5.3 मीटरच्या आसपास लांब असल्याने गावातल्या बोळात वळवताना घाम फुटतो, आणि त्यांच्या किमतीत पिकअप व साधी सात आसनी अशा दोन गाड्या येऊ शकतात.

चाचणीसाठी शोरूमसमोरचा गुळगुळीत रस्ता उपयोगाचा नाही. गाडी आपल्या शिवाररस्त्यावर न्यावी, घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला मागच्या रांगेत बसवावे आणि त्यांना स्वतःच्या पायाने चढू-उतरू द्यावे. पिकअप असेल तर ओळखीच्या मालकाची गाडी भरलेली आणि रिकामी, अशी दोन्ही वेळा चालवून पाहावी. शेडमध्ये उलटी घालून फाळका पूर्ण उघडतो का, आणि क्रेट उचलणाऱ्याच्या कमरेला हौद्याची उंची सोसते का, हेही पाहावे.

गाडी ताब्यात घेण्याच्या दिवशी हारफुले चढवण्याआधी नोंदणी पुस्तकातील एकूण वजन, आसनसंख्या आणि वापराचा प्रकार विम्याच्या कागदावरच्या नोंदींशी एकेक ओळ ताडून पाहावा, आणि फरक दिसला तर दुरुस्त कागद हातात पडेपर्यंत गाडी तिथून हलवू नये.